जुनी. फेकू नये.

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. कारण वेगळं होतं. एका बिस्किटांच्या डब्याने माझी झोप उडवली होती. आता ते प्रकरण मिटलं आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

डबा आमच्या धाकट्या चिरंजीवांचा. २००१ साली पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याने कुणाकडून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. दोन वर्षांनी तिचे 'पिकअप' बदलून नवे बसवले. पिकअप म्हटलं की मला आधी मालवाहू गाडी आठवते, नाहीतर ग्रामोफोनची पिन. गिटारचं पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेली बोटभर लांबीची पट्टी. आवाज 'उचलते' ती ती. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "अरे, चालू वस्तू काढून नवी कशाला घालायची?" त्यावर तो हसला होता. काढलेली तीन जुनी पिकअप त्याने बिस्किटांच्या डब्यात टाकली, आत एक चिठ्ठी ठेवली, "जुनी. फेकू नये." आणि डबा चिपळूणच्या आमच्या घरी माळ्यावर ठेवून तो २००६ साली जर्मनीला गेला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. खालची दोन कपाटं गेली. माझी पस्तीस वर्षांची टाचणवही, विद्यार्थ्यांची पत्रं, सगळा लगदा झाला. माळ्यावरचा डबा मात्र कोरडा राहिला.

गेल्या दिवाळीत चिरंजीवांचा फोन आला. नात आता चौदा वर्षांची आहे, बापाची जुनी गिटार वाजवते. तिला त्या गिटारचा मूळचा आवाज ऐकायचा आहे. "बाबा, तेवढा डबा कुणाबरोबर तरी पाठवा ना."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. वस्तू पाठवायची तर ती काय आहे हे आधी कळायला हवं. म्हणून वाचायला बसलो आणि त्यात पुरता गुंतलो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, लॉस एंजेलिसला. १९२० च्या दशकात तिकडे हवाईयन संगीताचं वेड होतं. गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. पण वाद्यवृंद मोठे होत गेले आणि पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येईना. जॉर्ज बीचम नावाचा एक वादक याला वैतागला. त्याने चुंबक, तार आणि हाताशी असलेली जुनी यंत्रं घेऊन घरीच खटपट सुरू केली. तारेची वेटोळी गुंडाळायला त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली असं सांगतात. १९३१ मध्ये नमुना तयार झाला आणि १९३२ मध्ये अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या साथीने ती गिटार बाजारात आली. अ‍ॅल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची. लोकांनी तिला नाव दिलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे आपला तळणीचा तवा!

त्यातलं तत्त्व शाळेत शिकवतात तेच. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. वर पोलादी तार कंप पावते, चुंबकाच्या क्षेत्रात खळबळ होते आणि वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती वाढवून स्पीकरला दिली की झाला आवाज. बीचमच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेत. पेटंट मात्र लवकर मिळेना. ही वस्तू विजेची की वाद्यांची, आणि ती खरोखर चालते का, असा कचेरीला प्रश्न पडला. शेवटी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून अधिकाऱ्यांसमोर वाजवून दाखवावं लागलं म्हणे. पेटंट हाती पडलं १० ऑगस्ट १९३७ ला. तोवर इतरांनीही तसल्या गिटारी काढल्या होत्या. सरकारी कचेरी सगळीकडे सारखीच!

पुढचा गडी लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्याने त्याने गिटार बनवली. सगळं स्क्रूने जोडलेलं, बिघडलं की काढता येईल असं. त्याची टेलिकास्टर १९५१ ची आणि तीन पिकअपची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. माझ्या मते सुटी पिकअप डब्यात ठेवण्याच्या प्रकाराचं मूळ इथे आहे. जे चार स्क्रू काढून सुटं होतं, ते माणूस कधीतरी काढणारच. आणि काढलेलं टाकून द्यायला जीव होत नाही.

या पिकअपना एक खोड होती, घूंऽऽ असा आवाज करण्याची. घरातली वीज अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तनं घेते, आपल्याकडे ५०. वेटोळं तीही पकडतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी त्यावर तोडगा काढला. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी-शेजारी आणि एकमेकांच्या उलट जोडायची. घूंघूं दोन्हीत येते आणि एकमेकांना खाऊन टाकते, तारेचा आवाज तेवढा उरतो. याला म्हणतात हमबकर. पेटंटचा अर्ज १९५५ चा. १९५७ पासून ती गिटारींवर बसू लागली आणि त्यांच्या पाठीवर एक इवलीशी चिकटपट्टी असे, "पेटंटसाठी अर्ज केला आहे" अशा अर्थाची.

इथे मला फार गंमत वाटली. पेटंट १९५९ मध्ये मिळालं, तरी तीच चिकटपट्टी पुढे १९६२ च्या सुमारापर्यंत लागत राहिली. नंतर पेटंटचा क्रमांक छापू लागले, तर तो भलत्याच पेटंटचा! लेस पॉल या वादकाच्या नावावरच्या, तारा अडकवायच्या दांडीचा. नक्कल करणाऱ्यांना चकवायला मुद्दाम केलं असंही म्हणतात. म्हणजे लेबल खोटं, पण त्या खोट्यावरूनच वस्तूचा काळ ठरवता येतो. ताम्रपटांच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. बनावट ताम्रपटही बनवणाऱ्याच्या काळाबद्दल खरंच बोलतो.

१९७० च्या दशकात वारं फिरलं. पोरांना अधिक मोठा, करकरीत आवाज हवा झाला. लॅरी डिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये जास्त जोरकस पिकअप काढलं, कुठल्याही गिटारीत बदलून बसवण्यासाठी. सिमोर डंकन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे आपली कंपनी सुरू केली. मग ठिकठिकाणी लोकांनी जुनी पिकअप उपटून नवी बसवली. उपटलेली कुठे गेली? खणात, चहाच्या डब्यात, गॅरेजच्या फळीवर. काही कचऱ्यात. आज ती 'अर्ज केला आहे' वाली अस्सल पिकअप हजारो डॉलरला विकली जातात. ज्यांच्या खणात ती राहिली त्यांनी काही दूरदृष्टी दाखवली होती असं नाही. टाकवलं नाही, एवढंच.

एवढी किंमत कशाला, तर त्या काळी दोन पिकअप अगदी सारखी नसत. चुंबक हाताला लागेल त्या प्रतीचा, आणि वेटोळ्याचे वेढे कधी कमी, कधी जास्त. फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाच्या बाई १९५६ मध्ये कामाला लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. आयुष्यभर पिकअप गुंडाळली. पुढे पुढे तर त्यांच्या आद्याक्षरांची पिकअप लोक मागून घेऊ लागले. तार केसाएवढी, मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी जाड. वेढे सात-आठ हजार. हिशेब केला तर एका पिकअपमध्ये किलोमीटरभर तार भरते! हे वाचलं त्या दिवशी मी माळ्यावरून डबा खाली घेतला.

आणि इथून माझी चूक सुरू होते.

तिन्ही पिकअप बाहेर काढली. कोकणातली वीस पावसाळ्यांची हवा. स्क्रूंवर तांबेरा चढला होता, चुंबकांच्या टोकांवर तपकिरी डाग. नातीला अशी मळकी वस्तू कशी पाठवायची? मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि लागलो घासायला. घासणीचे बारीक बारीक तुकडे तुटले आणि चुंबकाला असे चिकटले की जणू दाढीच फुटली. कापडाने पुसलं तर ते आणखी आत सरकले. एका पिकअपचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं आणि शिवणाच्या सुईने एकेक तुकडा काढू लागलो. सुई घसरली. इतकंसं काहीतरी तुटलं, आवाजही झाला नाही.

शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर मागवला. दोन पिकअपनी सहा हजार ओहमच्या आसपास आकडा दाखवला. तिसऱ्याने काहीच नाही. म्हणजे तार तुटलेली. पाण्याच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे घेऊन गेलो. त्याने ते हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "गुरुजी, पंख्याची तार याच्यापुढे दोरखंड हो. हे आमच्याच्याने नाही व्हायचं." महापुराने जे सोडलं होतं, ते मी तारेच्या घासणीने घालवलं.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी इतिहास शिकवत असलो तरी लहान शाळेत सगळ्यांना सगळं करावं लागतं, तशी विज्ञानाच्या कपाटाची किल्ली काही वर्षं माझ्याकडे होती. मे महिन्याच्या सुट्टीआधी पट्टीचुंबक जोडीने ठेवायचे, एकाच्या उत्तर टोकाशेजारी दुसऱ्याचं दक्षिण टोक, मध्ये लाकडाची पट्टी, दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. कसेही टाकले की जूनपर्यंत दुबळे होतात. लोखंडाचा कीस चुंबकाजवळ उघडा ठेवायचा नाही, आधी कागदात गुंडाळायचा. हे मीच मुलांना सांगत असे! वर्गात माहीत असलेलं घरी वापरायचं सुचत नाही, त्याला काय म्हणावं?

उशिरा का होईना, ही पिकअप कशी ठेवावीत याची माहिती जमवली. ज्यांच्या घरी मुलं गिटार वाजवतात त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये अल्निको नावाचा चुंबक असतो. अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. आवाजाला गोड, पण दुसऱ्या बलवान चुंबकाने लवकर दुबळा होणारा. म्हणून पिकअप एकमेकांवर रचून ठेवू नयेत, त्यातही सारखी टोकं समोरासमोर आणून दाबू नयेत. प्रत्येकाला वेगळी पुठ्ठ्याची खोकी. स्पीकर, मोठा ट्रान्सफॉर्मर, फ्रिजवर चिकटवायचे चुंबक यांपासून दूर.

ओल हा दुसरा शत्रू. फेंडरच्या जुन्या पद्धतीत तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते. दांडा गंजला की गंज तारेवरचं पातळ आवरण खातो आणि तार आतूनच तुटते. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. फार उष्णताही नको. पुष्कळ पिकअप मेणात बुडवून काढलेली असतात, वेढे हलून शिट्टी वाजू नये म्हणून. वैशाखात तापणाऱ्या पत्र्याखालचा माळा ही त्यांची जागा नव्हे. मी तिथेच ठेवली होती, हे सांगायला नकोच.

रबरबँड लावू नये. तो वितळून चिकटतो आणि त्यातल्या गंधकाने धातू काळा पडतो. स्पंजातही गुंडाळू नये, वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो. स्वच्छ सुती कापड किंवा साधा कागद बरा. बाहेर आलेल्या वायरी आखडू नयेत, कापून लहान करू नयेत. स्क्रू आणि स्प्रिंगा त्याच खोक्यात वेगळ्या पुडीत ठेवाव्यात. हाताळण्याआधी चुंबकाच्या टोकांवर कागदी चिकटपट्टी लावली की लोखंडाचे कण तिच्यावर बसतात आणि तिच्याबरोबर निघून येतात. अडकलेलेच असतील तर चिकटपट्टी टेकवून अलगद उचलावेत. सुई नको. तारेची घासणी तर त्या खोलीतसुद्धा नको!

असो. दोन दिवस मी चिरंजीवांना काही बोललो नाही. फोन आला की हवापाण्याच्या गप्पा. आमच्या सौ. म्हणाल्या, "वर्गात काच फुटली की पोरांनी आपणहून सांगावं म्हणून किती भाषणं दिलीत! आता सांगून टाका." खरं होतं. तिसऱ्या दिवशी फोन केला आणि घासणीपासून सुईपर्यंत सगळं सांगितलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्याने विचारलं, "बाबा, कुठलं तुटलं? ब्रिजजवळचं, मधलं की मानेजवळचं?"

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण ब्रिजजवळ तार कमी हलते आणि आवाज टोकदार येतो, मानेजवळ जास्त हलते आणि आवाज भरीव, गोल येतो. कोणतं कुठे होतं त्यावर त्या गिटारचा मूळ आवाज ठरायचा. मी म्हटलं, "तूच सांग. चिठ्ठीवर काय लिहिलंयस?"

तो पुन्हा गप्प. मग दोघेही हसलो. चिठ्ठीवर होतं, "जुनी. फेकू नये." कुठली जुनी, कशातली, कधी काढली, कुणी काढली, काही नाही. त्यालाही आता आठवत नव्हतं. आणि मी इतकी वर्षं माळ्यावर डबा बघत आलो, कधी उघडून विचारलं नाही की बाळा, हे काय आहे? चालू वस्तू काढून नवी कशाला, एवढंच विचारलं होतं, आणि तेही उत्तर ऐकायला नव्हे.

मग मी त्याला सिमोर डंकन यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ १९५१ चे, आमच्याच वयाचे. पोरवयात त्यांनी गिटार मित्राला वाजवायला दिली आणि मित्राच्या हातून पिकअप तुटलं. या पठ्ठ्याने रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या तबकडीवर ते नव्याने गुंडाळलं. तिथून त्यांचा धंदा सुरू झाला. पुढे लंडनला असताना एका फ्लाइंग व्ही गिटारमधली गिब्सनची बिघडलेली पिकअप त्यांनी पुन्हा गुंडाळून टेलिकास्टरमध्ये बसवली आणि ती गिटार जेफ बेक या नामांकित वादकाला दिली. बेकने तिच्यावर वाजवलेलं १९७५ च्या त्याच्या रेकॉर्डवर आहे. तुटलेलं पिकअप म्हणजे मेलेलं पिकअप नव्हे. चुंबक शाबूत आहे, सांगाडा शाबूत आहे. तार नवी येईल.

"मला ठाऊक आहे ही गोष्ट बाबा," तो म्हणाला, "पण तुम्हाला कशी ठाऊक?" त्याच्या आवाजातलं आश्चर्य मला फार आवडलं. वीस-बावीस वर्षांत त्याच्या गिटारबद्दल आम्ही पहिल्यांदाच अर्धा तास बोललो.

त्याच्या शहरात रिवाइंड करून देणारा एक जण आहे. मूळचाच आवाज येईल याची खात्री नाही, कारण किती वेढे होते, किती ताण देऊन गुंडाळले होते, हे आता कुणीच सांगू शकत नाही. उरलेल्या दोघांच्या आकड्यांवरून अंदाज बांधावा लागेल.

तिन्हींना मी वेगवेगळी खोकी केली, सुती कापडात गुंडाळलं, ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्या. जर्मनीला निघालेल्या एका स्नेह्यांबरोबर गेल्या आठवड्यात ती रवाना झाली. प्रत्येक खोक्यात एकेक चिठ्ठी आहे, वळणदार अक्षरात, निवृत्तीनंतर इतक्या काळजीने मी काही लिहिलं नव्हतं. गिटार कधी घेतली, पिकअप कधी काढली, डबा कुठे होता, मीटरने किती आकडा दाखवला, सगळं लिहिलं. जे ठाऊक नाही तिथे "ठाऊक नाही" असं लिहिलं. तिसऱ्या चिठ्ठीवर शेवटी एक ओळ आहे: "तार आजोबांच्या हातून साफ करताना तुटली." खाली तारीख आणि सही.

नातीचा काल निरोप आला. म्हणते, पिकअप दुरुस्त झालं तरी चिठ्ठी त्याच्याबरोबरच ठेवणार.

तुमच्याही माळ्यावर असे डबे असतीलच. या रविवारी एखादा उतरवा. ज्याचा असेल त्याला फोन करून विचारा आणि तो सांगेल ते लिहून आत ठेवा. साफसफाई नंतर करा.